डाव्या चाकावर नाचलेलं पाणी

गेल्या महिन्यात ईशानचा कॅनडाहून मेसेज आला. ईशान माझा नातू, वय सतरा, सध्या गाडी शिकतो आहे. एका लांब उतारावरून खाली आल्यावर त्याला चाकापाशी जळका वास आला. त्याने बाबांना विचारलं, रोजच्या साध्या चालवण्यात ब्रेक किती गरम होतात? बाबांनी सांगितलं, "आजीला विचार. तिने जन्मभर तेच मोजलंय."

मी लगेच लिहिलं, "शंभर ते दोनशे अंश सेल्सिअस. वास कसला होता, रबराचा की कागद जळल्यासारखा? कुठल्या चाकाला?" आणि मग मला थांबवेना. अर्ध्या तासात माझे अकरा मेसेज गेले, दोन आकृत्यांसकट. शेवटी त्याच्या धाकट्या बहिणीने, मीराने लिहिलं, "आजी, पाणी पी."

पण मुलांनो, इतक्या वर्षांत आपल्या घरातल्या कुणी मला हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. लग्नकार्यात लोक विचारायचे, "तुम्ही काय करता?" मी म्हणायचे, "ब्रेक तापवते." पुढे कुणी काही विचारत नसे. म्हणून या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असं सांगणं आलं, तेव्हा ठरवलं की ईशानला द्यायचं राहिलेलं उत्तर इथेच पूर्ण लिहावं. तुमची आई वाचून दाखवेल.

साकीनाक्याच्या एका गल्लीत आमचा ब्रेकचे पॅड बनवणारा छोटा कारखाना होता. मी तिथली चाचणीची खोली सांभाळत असे. दहा बाय बाराची खोली, तिच्यात एक जड लोखंडी चाक फिरवणारं यंत्र, एक कपाट आणि मी. नंतर आयटीआय करून आलेली सुनंदा कांबळे माझ्या जोडीला आली. दोघी बायका दिवसभर ब्रेक लावतो आणि गाडी मात्र कुठेच जात नाही, यावर गल्लीत बरेच विनोद झाले. सुनंदा प्रत्येकाला तिथल्या तिथे उत्तर देई. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, बीएस्सीला फिजिक्स घेतलेली, सगळ्या डब्यांवर लेबलं लावणारी. मला उत्तरं दुसऱ्या दिवशी सुचत.

आता ब्रेक म्हणजे काय ते सांगते. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. तुम्ही पाय दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात. त्या चिमट्याचं नाव कॅलिपर. घासून घासून चाक थांबतं. पण गाडीचा वेग हवेत विरत नाही, त्याची उष्णता होते, आणि ती डिस्कमध्ये जाते. साठच्या वेगाने जाणारी एक लहान गाडी एकदा पूर्ण थांबली, तर तेवढ्या उष्णतेवर अर्धा लिटर पाण्याला उकळी येईल. म्हणजे पाच-सहा कटिंग चहा, एका सिग्नलला. आणि वेग दुप्पट झाला की चहा चौपट. मी हे पहिल्यांदा कागदावर सोडवलं, तेव्हा घाटकोपरच्या सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघतच राहिले होते. केवढा चहा!

अशा एका थांबण्याने पुढच्या डिस्क पंचवीस-एक अंशांनी तापतात. त्या निवायच्या आत पुढचा सिग्नल येतो. मोकळ्या हायवेवर ऐंशीने जाणाऱ्या गाडीची डिस्क साठ-सत्तर अंशांवरच असते, कारण ब्रेक लागत नाही आणि वारा लागतो. ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलाने सरकणारी गाडीही शंभरीच्या आसपासच राहते, कारण मुळात वेगच नसतो. खरी तापते ती धावून थांबणारी आणि थांबून धावणारी गाडी. लिंक रोडवर मालाड ते कांदिवली एका उतावळ्या माणसाबरोबर जा. दीडशे, एकशे ऐंशी सहज. घाट उतरताना तीनशे आणि त्याच्याही वर.

मुलुंडचे एक सद्गृहस्थ आठवतात. बँकेतून निवृत्त, कपड्यांना कडक इस्त्री. तुमचे पॅड बोगस आहेत म्हणून ते तावातावाने आले आणि माझ्या टेबलावर जळक्या पापडासारखे दोन पॅड आपटले. मी विचारलं, घाट कसा उतरलात? ते अभिमानाने म्हणाले, "न्यूट्रलमध्ये. पेट्रोल वाचतं." संपूर्ण घाटभर गाडीचं ओझं त्यांनी बिचाऱ्या ब्रेकवर टाकलं होतं. गिअर खालचा ठेवला की इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं, हे मी त्यांना चित्र काढून समजावलं. ईशान, तुझ्या जळक्या वासाचं उत्तरही हेच आहे. उतारावर खालचा गिअर.

मोजायचं कसं? आमच्याकडे खडू होते. प्रत्येक खडू ठरावीक तापमानाला वितळतो. दोनशेचा खडू तापलेल्या डिस्कला टेकवला आणि मेणासारखा पाघळला, तर डिस्क दोनशेच्या वर. कोरडी रेघ उठली, तर दोनशेच्या खाली. कंटाळवाणं काम, हात भाजायचे, पण खडू खोटं बोलत नाही. मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी कारखान्याने मला टेम्परेचर गन घेऊन दिली. कोविडमध्ये सगळ्यांच्या कपाळावर धरत होते, त्याच जातीची. लांबून रोखायची, चाप ओढायचा, आकडा समोर. मी इतकी हरखले, की खडूंचा डबा कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर गेला.

आणि तेव्हाच गावड्यांची भानगड आली.

अंधेरी पूर्वेला सुर्वे नावाचे एक गाडीमालक होते. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या आठ गाड्या आणि आठ ड्रायव्हर. त्यांच्या एका गाडीचे पॅड दोन-दोन महिन्यांत संपत होते आणि ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरत होतं. पुढची डावी डिस्क त्यांनी नुकतीच बदललीही होती. सुर्व्यांची खात्री होती, की ड्रायव्हर चालवताना ब्रेकवर पाय ठेवून बसतो. पॅड आमचे होते, म्हणून ते माझ्याकडे लेखी मत मागायला आले. सोबत गाडी आणि तिचा ड्रायव्हर, दत्ताराम गावडे.

गावडे पन्नाशीचे, कुडाळकडचे, राहायला कांदिवलीला. त्यांच्या स्टँडवर त्यांना 'लोणी' म्हणत, कारण ते गाडी अशी थांबवत की मागच्या सीटवरचा झोपलेला माणूस जागा होत नसे. हे मला सुर्व्यांनीच सांगितलं, टोमणा मारत. "लोणी म्हणे. दोन महिन्यांत पॅड खातो, मॅडम. कसलं लोणी?"

मी गाडी एक फेरी मारून आणायला सांगितली. आल्यावर चाकाच्या आऱ्यांमधून डिस्कवर गन रोखली. डावी ब्याण्णव, उजवी अठ्ठ्याऐंशी. जवळपास सारखीच. गाडी थंड झाल्यावर चाकं उचलून हाताने फिरवली. दोन्ही मोकळी. जुने पॅड सुर्व्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत आणले होते, चार पॅड एकत्र. काही झिजून पत्र्याला आलेले, काही बरे. कुठला कुठल्या चाकाचा, ते मी विचारलं नाही. मी, जी हळदीच्या डब्यावर 'हळद' असं लिहून ठेवते.

गावडे इतका वेळ गाडीपाशी उभे होते. सुर्वे फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमची मशीन काय सांगता ता माका ठावक नाय. पण डावा चाक तापता. पाणी शिंपडलंय काय घावन्याच्या तव्यावर नाचता तसा नाचता. उजव्यार नाचना नाय."

मला हसू आलं. मोठ्याने नाही हसले, पण त्यांना दिसेल एवढं हसले. समजावणीच्या सुरात मी त्यांना सांगितलं, की गावडे, हे यंत्र जपानी आहे, एका अंशाचा फरक दाखवतं, आणि पाण्याचे थेंब म्हणजे मोजमाप नव्हे. ते म्हणाले, "माझो पाय हलको आसा, बाई," आणि बाजूला झाले.

अहवाल मी इंग्रजीत लिहिला, नेहमी इंग्रजीतच लिहीत असे. ब्रेकमध्ये दोष आढळला नाही, दोन्ही बाजू सारख्या तापतात, झीज चालवण्याच्या सवयीमुळे असावी. सही, शिक्का. सुर्व्यांनी तो कागद स्टँडवर सगळ्या ड्रायव्हरांसमोर वाचून दाखवला आणि गावड्यांकडून किल्ली काढून घेतली. मालक लोक एकमेकांना ओळखतात. ब्रेक जाळणारा ड्रायव्हर म्हणून नाव झालं, की दुसरा कुणी गाडीला हात लावू देत नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तीन आठवडे गेले. एका शनिवारी मी ती गन घरी आणली, तुमच्या आजोबांना दाखवायला. त्यांच्या टकलावर रोखली, चौतीस. फ्रिजमध्ये रोखली, सहा. ते म्हणाले, "आता जेवायला वाढणार की माझं वरणही मोजणार?" रविवारी सकाळी मी घावन करायला घेतले. शेगडीच्या एका बाजूला काळा बिडाचा तवा, दुसऱ्या बाजूला स्टीलच्या चकचकीत पातेल्यात चहाचं पाणी. तवा तापला का बघायला मी सवयीने बोटं ओली करून पाणी शिंपडलं. थेंब तव्याला न चिकटता मोत्यांसारखे टुणटुण पळाले.

हात तिथेच थांबला. चाळीस वर्षं मी दर रविवारी या थेंबांवर विश्वास ठेवून पीठ ओतत आले होते. त्यांनी एकदाही मला फसवलं नव्हतं.

गन आणली. तव्यावर रोखली, दोनशे पंधरा. बरोबर. मग, का कोण जाणे, शेजारच्या पातेल्यावर रोखली. आत पाण्याला खळखळून उकळी आलेली, झाकण थडथडतंय, आणि गन म्हणते एकेचाळीस.

पुन्हा रोखली. एकेचाळीस. दुसऱ्या बाजूने, त्रेचाळीस. मुलांनो, त्या क्षणी माझ्या अंगातून जे काही सरसरत गेलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. चूक सापडल्याची भीती आणि उत्तर सापडल्याचा आनंद, दोन्ही एकाच वेळी. चकचकीत धातू आपली उष्णता बाहेर फारशी दाखवतच नाही. गन मोजते ती बाहेर पडणारी उष्णता. काळा तवा सगळं सांगून टाकतो, स्टीलचं पातेलं मनात ठेवतं. तुम्ही हे तुमच्या स्वयंपाकघरात करून बघा, मोठ्या माणसाला जवळ उभं करून.

गावड्यांच्या गाडीची डावी डिस्क नवीकोरी होती, आरशासारखी. उजवी जुनी, काळपट, चरे पडलेली. आरसा ब्याण्णव म्हणाला, म्हणजे खरा कितीतरी जास्त. दोन आकडे सारखे दिसले, म्हणून तर दोन चाकं सारखी नव्हती.

गनबरोबर आलेली पुस्तिका मी पर्समधून काढली. सातव्या पानावर लिहिलं होतं, चकचकीत पृष्ठभागावर थेट मोजू नये. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. माझीच. पट्टीने मारलेली.

"घावन करपलं," आजोबा म्हणाले. मी सुनंदाला फोन लावत होते.

सुनंदाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, माणसाचा पाय काय डावं चाक बघून दाबतो का?"

म्हणजे बघा. पाय एकच, पेडल एकच, ब्रेकचं तेल दोन्हीकडे सारखंच दाबलं जातं. ड्रायव्हरची सवय वाईट असेल तर दोन्ही चाकं जळतील. एकच जळत असेल तर दोष चाकापाशी. एवढी साधी गोष्ट मला माझ्या अचूक यंत्राने विसरायला लावली होती.

मग सुर्व्यांना फोन केला. ती गाडी आता नवा ड्रायव्हर चालवत होता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती एका कुटुंबाला घेऊन महाबळेश्वरला निघणार होती. मी म्हटलं, गाडी पाठवू नका. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचाच कागद आहे माझ्याकडे. दोष नाही, असं लिहिलंय. सही तुमची, शिक्का तुमचा."

मी म्हटलं, "तो कागद चुकलाय. आज दुपारी मला एक तास द्या, आणि गाडी गावड्यांना चालवू द्या." मग ते म्हणाले, "त्याच्या शेजारी मी बसणार. पाय माझ्या डोळ्यांसमोर पाहिजे."

गावड्यांना बोलावणं सोपं नव्हतं. पहिल्या फोनला त्यांच्या बायकोने ते घरी नाहीत म्हणून सांगितलं, आणि मागून त्यांचा आवाज येत होता. दुसऱ्या फोनला मी तिलाच सगळं सांगितलं, पातेल्यासकट. ती म्हणाली, "तव्याचा बायकांका विचारूचा." दुपारी एक वाजता गावडे अंधेरीला हजर होते. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, दाढी केलेली. मला ओलांडून थेट गाडीपाशी गेले.

सुर्वे म्हणाले, शेजारी बसूनही पाय नीट दिसेलच असं नाही, हा हलकेच टेकवून ठेवेल. तेव्हा सुनंदाने मार्ग काढला. ब्रेकच्या पेडलला पाय नुसता लागला तरी मागचा लाल दिवा पेटतो. म्हणजे दिवाच साक्षीदार. मागून कुणीतरी दिव्याचं चित्रीकरण करत जायचं. तिने स्कूटर आणली होती, आणि कारखान्यातून खडूंचा डबाही. नवऱ्याचं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं, मला ते मानेपर्यंत आलं, आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तुमची आजी स्कूटरवर मागे बसून, एका हाताने सुनंदाचा खांदा आणि दुसऱ्या हाताने फोन धरून, अंधेरीहून बोरिवलीकडे निघाली.

रविवारची दुपार, हायवे बराच मोकळा. समोर पांढरी गाडी. फोनच्या पडद्यावर मला फक्त तो दिवा दिसत होता. गोरेगावपर्यंत तो तीनदा पेटला. मालाडच्या पुलावर एक टेम्पो आडवा आला, तेव्हा एकदा. प्रत्येक वेळी लगेच विझला. गावडे कसे चालवत होते काय सांगू. सिग्नल लांबून बघून आधीच वेग सोडायचे, ब्रेक फक्त शेवटच्या हातभर अंतरासाठी. सुनंदा हेल्मेटमधून ओरडली, "मॅडम, हा माणूस ब्रेक लावतच नाहीये." मी ओरडले, "मला माहीत आहे, तू समोर बघ."

कांदिवलीपासून पुढे डाव्या चाकाचा वास आम्हाला स्कूटरवर येऊ लागला. दिवा विझलेला, आणि वास येतोय.

बोरिवलीला सर्व्हिस रोडवर गाडी थांबली. मी आधी उजवं चाक मोजलं, मग डावं. निवण्याचा फायदा मिळायचाच तर तो डाव्याला मिळावा, म्हणजे नंतर कुणी शंका घेणार नाही. उजव्या डिस्कला दीडशेचा खडू टेकवला. कोरडी रेघ. शंभरचा पाघळला. म्हणजे शंभर ते दीडशे, अगदी रोजच्यासारखी. मग डावीकडे गेले. दीडशेचा खडू टेकताक्षणी वाहिला. दोनशेचा वाहिला. अडीचशेचा टेकवला. कोरडी रेघ.

दोनशे ते अडीचशे. मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक न लावता.

सुर्वे वाकून बघत होते. गन काढून मी त्यांनाच दिली आणि त्याच डिस्कवर रोखायला सांगितली. आकडा आला सत्त्याण्णव. सुनंदाने पर्समधून काळा मार्कर काढला, लांब काडीला बांधून डिस्कच्या न घासणाऱ्या कडेवर जाड काळा पट्टा ओढला. सुर्व्यांनी पट्ट्यावर रोखली. दोनशे एकवीस. त्यांनी गनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतकी मोठी चूक, इतक्या छान आकड्यांत, मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

गावडे पाण्याची बाटली घेऊन पुढे आले. बोटं ओली करून आधी उजव्या डिस्कवर दोन-चार थेंब झटकले. चर्र आवाज झाला, ओले डाग पडले आणि वाळले. मग डावीकडे झटकले. थेंब डिस्कला ओलं न करता ताडकन उडाले आणि दाण्यांसारखे खाली पडले. एवढंसंच पाणी, ईशान. बादलीभर कधी ओतू नकोस, तापलेली डिस्क तडकते.

सुर्व्यांनी गन मला परत दिली.

जवळच्या गॅरेजमध्ये सुनंदाने चाक उतरवलं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो, त्यातल्या एकीचं रबर फाटलेलं होतं. पावसाळ्याचं पाणी आत जाऊन पिन गंजली होती. थंड असताना कॅलिपर कसाबसा सरके, म्हणून हाताने चाक मोकळं फिरलं. तापल्यावर पिन अडकून बसे आणि पॅड डिस्कला सोडतच नसत. बोटाएवढी पिन. सुनंदाने ती सुर्व्यांच्या तळहातावर ठेवली. महाबळेश्वरला त्यांनी दुसरी गाडी पाठवायचं ठरवलं.

मी गावड्यांना म्हटलं, "चूक माझी होती. तुम्ही सांगितलं होतं, आणि मी हसले होते."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तुमी हसलास ता माका लागूक नाय, बाई. तुमी लिवलास ता लागला." आणि पुढे म्हणाले, "आता परत लिवा. पण मराठीत लिवा. पयलो कागद शेटनी वाचल्यानी. ह्यो मी वाचतलंय."

त्या रात्री मी मराठीत अहवाल लिहायला बसले. तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं. मी कामाचा एकही कागद कधी मराठीत लिहिला नव्हता. इंग्रजीत लिहिताना 'असे आढळले' म्हणून सुटता येतं, कुणाला आढळलं ते लिहावं लागत नाही. दोनदा मी तसंच मराठीत लिहून पाहिलं आणि खोडलं. गावडे ते आठ जणांसमोर वाचणार होते. शेवटी सुरुवातीलाच जे होतं ते सरळ लिहिलं, आणि त्याच्याखाली मोजमापं, क्रमाने, कुठला खडू कुठल्या चाकाला, दिवा किती वेळा पेटला, पिन कशी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी आणि सुनंदा स्टँडवर गेलो. सुर्व्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना थांबवून ठेवलं होतं. महाबळेश्वरला गेलेला एकजण सोडून सगळे होते. एकजण हळू आवाजात म्हणाला, "लोणी आलं," आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. सुर्व्यांनी गाडीची किल्ली बोनेटवर ठेवली आणि गावड्यांकडे सरकवली. गावड्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढला, कागद उलगडला आणि शाळेत वाचतात तसं, एकेक शब्द सुटा करून वाचायला सुरुवात केली.

"दत्ताराम गावडे यांच्याविषयी मी आधी जे लिहिले ते चूक होते, आणि ती चूक माझी होती."

ते थांबले. चष्म्यावरून सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि त्यानंतरच पुढे गेले. मोजमापं, खडू, दिवा, पिन, सगळं वाचलं, माझी सहीसुद्धा वाचली. कागदाची नीट घडी घालून वरच्या खिशात ठेवली, आणि मग किल्लीसाठी हात पुढे केला.